कोयत्यालाही उत्तरपत्रिकेत जागा द्या : समाजशास्त्र अभ्यासमंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
समाजशास्त्र अभ्यासमंडळ

विषय : पदवीच्या पहिल्या वर्षी समाजशास्त्राच्या पेपरात विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टी लिहिण्यास गुण मिळावेत याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझं गाव बीड जिल्ह्यात आहे आणि आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत येते. लहानपणी काही वर्षं मीही त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, राहिले, नंतर आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवून शाळा केली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. समाजशास्त्र हा विषय मी घेतला तेव्हा तो सोपा असतो एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. काही महिन्यांत या विषयाने माझं घर, माझं गाव मला नव्यानं दाखवलं. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. ज्या विषयावर जीव जडला आहे त्याच्याचबद्दल एक मागणं आहे.

पहिल्या सत्राच्या परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न होता : कुटुंबाची व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा. व्याख्या मला पाठ होती, ती लिहिली. विभक्त कुटुंब, संयुक्त कुटुंब, मातृसत्ताक, पितृसत्ताक, सगळं लिहिलं. मग वेळ होता म्हणून मी कोयत्याबद्दल लिहिलं.

आमच्याकडे ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो ती कोयत्याला; उचल म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. बाप ऊस तोडतो, आई पाचट बाजूला सारते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. पहाटेच्या अंधारात सुरू झालेलं काम गाडी भरेपर्यंत चालतं, मग गाडी रात्री अकराला येवो की दोनला. दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस एक कोयता तोडतो. हिशोब टनावर होतो आणि मुकादमाच्या वहीत नाव असतं बापाचं. आईच्या हातात येणारा पैसा एकच, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून आलेला. त्यातून मीठ-मिरची, साबण, माझ्या भावाची बिस्किटं.

आमच्या पुस्तकात एक वाक्य आहे, बहुतेक सगळ्याच पुस्तकांत ते असतं. पूर्वी कुटुंब उत्पादनाचं एकक होतं, उद्योगधंदे वाढल्यावर ते केवळ उपभोगाचं एकक उरलं. हे वाक्य वाचलं आणि मी थांबले. साखर कारखाना हा उद्योगच आहे. त्याला बॉयलर आहे, चिमणी आहे, भोंगा आहे, सगळं यंत्रावर चालतं. आणि त्याच्या दारात येणारा ऊस मात्र नवरा-बायकोच्या जोडीनं तोडलेला असतो. म्हणजे उद्योग आला आणि कुटुंब उत्पादनातून बाहेर पडलं असं आमच्याकडे घडलं नाही. कुटुंब मजुरीवर लावूनच इथला उद्योग उभा राहिला. पोरीचं लग्न लवकर का होतं, याचं उत्तर गावात हुंडा आणि इज्जत या दोन शब्दांत देतात. ते खोटं नाही. आईबाप सहा महिने बाहेर, वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर खराच असतो. पण त्याच्या जोडीला हेही आहे की लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या कोयत्याला वेगळी उचल मिळते. समाजशास्त्रज्ञ मर्टनची प्रकट कार्यं (एखाद्या प्रथेचे उघड हेतू) आणि सुप्त कार्यं (न बोललेले परिणाम) वर्गात शिकवली, त्या दिवशी मला मांडवातली उचलीची बोलणी आठवली.

हे सगळं मी उत्तरात दीड पानभर लिहिलं. दहापैकी चार गुण मिळाले.

मी सरांकडे गेले. त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा वाचली आणि म्हणाले, "तू लिहिलंस ते चूक नाही. पण आदर्श उत्तरपत्रिकेत जे मुद्दे दिलेत त्यात हे बसत नाही. मी कशावर गुण देऊ?" सरांचा मला अजिबात राग नाही. त्यांच्यापुढे गठ्ठे असतात, वर पुनर्तपासणी असते, प्रत्येक गुणाचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. माणसाच्या वागण्यामागे त्याचा स्वभाव शोधण्याआधी तो कुठल्या रचनेत उभा आहे ते बघ, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं आहे. म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. रचना ज्यांच्या हातात आहे, त्या आपल्याला लिहिते आहे.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जातं, पण ती लिहिल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम आम्हाला चार तासिकांत शिकवला. १८९७ साली त्यानं आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. इतकी खाजगी, इतकी एकट्या माणसाची वाटणारी गोष्ट त्यानं घेतली आणि दाखवलं की आत्महत्येचं प्रमाण समाजासमाजात वेगळं असतं आणि वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच राहतं. प्रोटेस्टंटांत जास्त, कॅथलिकांत कमी. अविवाहितांत जास्त, विवाहितांत कमी. एकेका माणसाचं दुःख त्याचं त्याचं असतं, पण प्रमाणाचं कारण माणसाच्या मनात सापडत नाही, ते समाजात शोधावं लागतं. सामाजिक तथ्य म्हणजे काय, हे त्यातून कळतं. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि त्या शनिवारी घरी गेले.

पट्टा पडून आई परत आली होती. दुपारी ओट्यावर पाच-सहा बाया बसल्या होत्या, आई ज्वारी पाखडत होती. बोलणं कंबरदुखीवर आलं आणि तिथून पिशवीवर. गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनला आमच्याकडे पिशवी काढणं म्हणतात. आईची पिशवी काढली तेव्हा मी सहावीत होते. आतापर्यंत ती माझ्यासाठी आमच्या घरातली एक गोष्ट होती. आईला त्रास होता, डॉक्टरनं सांगितलं, उसनवारी करून ऑपरेशन केलं. त्या दुपारी मी एकेकीचं ऐकत गेले आणि प्रत्येकीचं सांगणं सारखंच निघालं. अंगावरून जायचं, पोटात दुखायचं, फडात, म्हणजे तोडीच्या उसात, ना आडोसा ना पाणी, कामावर खाडा झाला की पैसे कापले जायचे, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, मुलं झालेलीच होती. मी आईला विचारलं, तू दुसऱ्या डॉक्टरला का दाखवलं नाहीस? आई सुपातून नजर वर न करता म्हणाली, "समद्याच बायांची काढलीय. माझीच काय येगळी?"

मला वर्गात दुर्खीम समजला असं वाटलं होतं. तो खरा समजला आईच्या या वाक्यानं. तिनं एका ओळीत सांगितलं की तिचा निर्णय तिचा एकटीचा नव्हता.

पुढे मी शोधत गेले. २०१९ मध्ये या प्रश्नावर खूप ओरड झाली तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. साधारण सहामागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये देशाचं प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून घाईनं निष्कर्ष काढू नये, हेही मला याच विषयानं शिकवलं. पण एवढं अंतर दिसल्यावर कारण एकेका बाईच्या पोटात शोधून चालणार नाही, ते फडात आणि उचलीत शोधावं लागेल, हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगू शकते. दुर्खीमवरच्या प्रश्नाला मी हे लिहिलं तर मला किती गुण मिळतील? आजच्या पद्धतीत बहुधा चारच.

सदस्यहो, पुस्तकातली उदाहरणं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ती आमच्याजवळून जातात आणि आम्हाला शिवत नाहीत. सामाजिक प्रक्रियांच्या प्रकरणात सहकार, स्पर्धा, संघर्ष असे तीन शब्द येतात. सहकार म्हणजे समान उद्दिष्टासाठी एकत्र येऊन केलेला प्रयत्न. उदाहरण काय, तर शेजाऱ्यांनी मिळून साजरा केलेला उत्सव, खेळाडूंचा संघ. महाराष्ट्रात सहकार हा शब्द उच्चारला की माणसाच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशेच्या आसपास वर्षं झाली. शेतकऱ्यानं सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या दारातून बाहेर पडून स्वतःचा कारखाना काढला, ही किती मोठी गोष्ट आहे! ती आमच्या पेपरात यायलाच हवी. आणि ती आली की लगेच पुढचा प्रश्न विचारता येतो. कारखान्याचा सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. ऊस तोडणारा सभासद नाही आणि कारखान्याच्या हजेरीपटावर कामगारही नाही. तो मुकादमाचा माणूस. म्हणजे सहकाराला कुंपण असतं आणि कुंपणाच्या आत कोण हे आधी ठरतं. अंतर्गट आणि बाह्यगट, म्हणजे 'आपले' आणि 'परके', ही पुढच्याच पानावरची जोडी इथे आपोआप समजते, वेगळी पाठ करावी लागत नाही.

आमच्या वर्गात अर्पित दर्जा (जन्मानं मिळालेला) आणि अर्जित दर्जा (स्वतः मिळवलेला) यांत सगळ्यांचा गोंधळ होतो. एका अक्षराचा तर फरक, पाठांतरात निसटतो. पण मुकादम हा बहुतेक वेळा आधी स्वतः कोयता चालवलेला माणूस असतो, आणि मुकादम झाला तरी जात त्याला सोडत नाही, हे एकदा बोललं गेलं की तो फरक जन्मात विसरणार नाही. टोळी हा प्राथमिक गट, म्हणजे जिव्हाळ्याच्या नात्याचा, की दुय्यम, म्हणजे कामापुरता? सगळे भावकीचे, सोयरे, एका ताटात जेवणारे, आणि सगळे उचलीनं बांधलेले. यावर आम्ही कॅन्टीनबाहेर तासभर भांडलो. असा तास वर्गात व्हायला हवा होता.

आपल्याला वाटेल, पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी पाया पक्का करू द्यावा, निरीक्षण, संशोधन हे पुढचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आहेच, तो दुसऱ्या वर्षी येतो. माझं नम्र म्हणणं असं की तोपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या वर्षभरात आमची खात्री पटलेली असते की समाजशास्त्र म्हणजे दुसऱ्या देशातल्या, वारलेल्या पुरुषांच्या व्याख्या, आणि आपलं जगणं हे या विषयाच्या बाहेरचं काहीतरी आहे.

आणि या विषयाची आपल्याकडची सुरुवात तर नेमकी उलटी आहे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा पहिले प्रमुख होते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस. स्थळ, काम आणि लोक या तीन शब्दांवर त्यांचा सगळा विचार उभा होता, आणि शहर समजून घ्यायचं तर ते पायी फिरून, असा त्यांचा शिरस्ता. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीसोबत चालल्या. एकाच वाटेनं, एकच नाम घेत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीनं वेगळी बसतात, हे त्यांनी चालता चालता टिपलं आणि त्याचं दुःखही लपवलं नाही.

सगळ्यात जास्त मी ज्यानं भारावले ते तर एका विद्यार्थ्याचं लेखन आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांनी त्या वेळच्या मोठमोठ्या पंडितांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, त्यांतलं काय अपुरं पडतं ते सांगितलं आणि मांडलं की जातीचं खरं मर्म जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढी जात बंद ठेवण्याच्या कामी कशा आल्या, हे त्यांनी पायरीपायरीनं उलगडलं. या रूढी आधी पाळल्या गेल्या, त्यांचे गोडवे नंतर गायले गेले, असा त्यांचा रोख होता. मी तो निबंध वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावातल्या म्हाताऱ्या आल्या, "पोरीचं लवकर उरकलेलं बरं असतं" म्हणणाऱ्या. आधी कोयत्याची गरज आली, बरं असतं हे मागाहून आलं.

असा निबंध आमच्या पहिल्या पेपरात का नाही? बाबासाहेब आम्हाला भेटतात ते फार पुढे, समाजसुधारक म्हणून किंवा राज्यघटनेच्या प्रकरणात. ते समाजशास्त्राच्या वर्गात, व्याख्या कशी तपासावी हे शिकवणारे म्हणून पहिल्याच महिन्यात भेटायला हवेत. आणि त्यांनी तो निबंध लिहिला तेव्हा ते विद्यार्थी होते, ही गोष्ट प्रत्येक वर्गात मोठ्यानं सांगायला हवी. त्यांच्या गुरुजनांनी, हे मॉडेल उत्तरात बसत नाही, म्हणून तो बाजूला ठेवला असता तर?

मला काय हवं आहे ते सरळ सांगते. पहिल्या वर्षाच्या अंतर्गत गुणांतले काही गुण एका वहीला द्यावेत. विद्यार्थ्यानं सत्रभर आपल्या आसपासचं पाहून लिहिलेली वही. ज्याचं घर मार्केट यार्डात हमाली करतं त्यानं मार्केट यार्ड लिहावं, जिची आई धुणीभांडी करते तिनं सोसायटीची लिफ्ट लिहावी, ज्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे त्यानं गल्ला आणि उधारीची वही लिहावी. लेखी परीक्षेत प्रत्येक संकल्पनेसोबत स्वतःच्या पाहण्यातलं उदाहरण मागावं आणि आदर्श उत्तरपत्रिकेतच तसं छापावं, म्हणजे तपासणाऱ्याचे हात बांधलेले राहणार नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्यांच्या शब्दांत अडखळण्यापेक्षा आपल्या शब्दांत विचार करू द्यावा. उचल, खाडा, कोयता हे आमचे पारिभाषिक शब्दच आहेत.

आणि वहीसोबत एक गोष्ट आधी शिकवावी : लोकांना विचारायचं कसं आणि लिहायचं कसं. हे मी चुकून शिकले. त्या दुपारचं सगळं मी नावानिशी वहीत उतरवलं होतं. संध्याकाळी आईनं विचारलं, "काय लिहायलीस गं?" मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "माझं लिही. पण शेजारणीचं नाव खोड. तिच्या सासरी ठाऊक नाही." मी ते पान फाडून पुन्हा लिहिलं. हे पत्र छापायला देण्याआधीही आईला वाचून दाखवलं आहे, तिनं हो म्हटल्यावरच पाठवते आहे.

शेवटी माझ्या मैत्रिणीबद्दल. बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो, कॉलेजला नावही सोबत घातलं. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर फडावर गेली; तिच्या कारखान्याचा पट्टा अजून पडलेला नाही. हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेला बसू देतील की नाही याची तिला धास्ती आहे. रात्री गाडी भरून झाली की कधीकधी तिचा फोन येतो. आज काय शिकवलं, हा तिचा पहिला प्रश्न. मागच्या आठवड्यात मी तिला सामाजिक नियंत्रण सांगत होते, औपचारिक आणि अनौपचारिक. कायदा, पोलिस, न्यायालय हे औपचारिक, चालीरीती, निंदा, लोकलाज हे अनौपचारिक. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि मुकादमाची वही कशात बसती? तिच्यावर ना शिक्का ना सही, पण तिच्यात नाव असल्यावर माणूस फड सोडून पळत नाही. पळला तर घरच्यांना धरून नेतेत."

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, सरही विचारात पडले.

मग तिनं मला विचारलं, "मी इथलं रोजचं लिहून ठेवलं, तर मार्क भेटतील का गं?"

तिच्याजवळ दोनशे पानी वही आहे, पेनही आहे. कोपीत लाइट नाही, पण मोबाइलचा उजेड पुरतो म्हणते. अभ्यासमंडळाची पुढची बैठक कधी आहे, तेवढं कृपया कळवावं. तोवर तिला मी लिहायला सुरुवात कर असंच सांगितलं आहे.

आपली नम्र,
प्रथम वर्ष कला शाखेतील समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी